राजर्षी शाहू छत्रपती

१८८४ सालच्या मार्च महिन्यात कागलच्या घाटगे घराण्यातील दहाव्या वर्षात असलेला एक मुलगा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला. त्याचे मूळचे नाव यशवंतराव. दत्तकविधानानंतर त्याचे नाव शाहू असे ठेवण्यात आले. २६ जून १८७४ हा त्याचा जन्मदिवस. आई राधाबाई तो तीन वर्षांचा असतानाच निवर्तली होती. गादीवर आल्यावर दोनच वर्षांत वडील आबासाहेब घाटगे यांचेही छत्र हरपले. राज्य मिळाले, पण घर गेले, अशी त्या मुलाची अवस्था झाली.

बालराजाचे शिक्षण प्रथम राजकोट येथील राजकुमार महाविद्यालयात आणि पुढे धारवाड येथे फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाले. रघुनाथराव सबनीस यांच्यासारखे व्यासंगी शिक्षकही त्यांना लाभले. इतिहास, इंग्रजी व राज्यकारभार हे विषय ते शिकले. तथापि पुस्तकांपेक्षा माणसांत रमण्याकडे त्यांचा ओढा अधिक होता. शरीर धिप्पाड, शिकारीचा व कुस्तीचा अतोनात नाद, बोलणे कोल्हापुरी रांगडे. रस्त्यात गाडी थांबवून एखाद्या कुणब्याशी पीकपाण्याच्या गोष्टी करीत उभे राहावे, तालमीतल्या मल्लांच्या खुराकाची जातीने चौकशी करावी, हा त्यांचा स्वभाव होता. या स्वभावामुळे जे कागदोपत्री कधीच आले नसते, ते त्यांच्या कानांवर आपोआप येत असे.

२ एप्रिल १८९४ रोजी वयाच्या विसाव्या वर्षी महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. त्यांनी कचेऱ्यांतून कामे करणाऱ्या माणसांकडे पाहिले, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. दरबारच्या सर्वसाधारण कारभारातील ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच, म्हणजे ब्राह्मण जातीचे अधिकारी होते. उरलेल्या अवघ्या ११ जागांत बाकीच्या साऱ्या जाती. संस्थानात बहुसंख्य प्रजा तर शेतकऱ्यांची, कारागिरांची, मजुरांची होती. सारा भरणारे हे लोक; पण साऱ्याचा हिशेब लिहिणारा, फिर्याद ऐकणारा, निवाडा देणारा मनुष्य त्यांच्यातला क्वचितच असे.

असे का व्हावे? ब्राह्मण घराण्यांत विद्येची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, हे त्याचे एक कारण. इंग्रजी शाळा निघाल्या, तेव्हा त्यांचा लाभ प्रथम त्यांनाच घेता आला, यात नवल नाही. परंतु दुसरेही एक कारण होते, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नसे. प्राथमिक शिक्षण आपल्या गावी कसेबसे पुरे झाले, तरी पुढचे शिक्षण कोल्हापुरात. खेड्यातला मुलगा कोल्हापुरात आला, तर त्याने राहायचे कोठे आणि जेवायचे कोठे? गरीब ब्राह्मण विद्यार्थी असेल, तर तो वार लावून जेवे. म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी त्याच्या अन्नाची सोय होई. नाही तर माधुकरी मागून तो विद्या करी. त्यालाही हाल सोसावे लागत, हे खरे. तरीपण समाजाने त्याच्यासाठी एक वाट मोकळी ठेवली होती. कुणब्याच्या, धनगराच्या, शिंप्याच्या मुलाला असे वार कोण लावणार? त्याच्या जातीत शिकण्याची चालच नव्हती, मग शिकणाऱ्याला जेवू घालण्याची चाल कोठून असणार? आणि अस्पृश्य गणलेल्या जातीचा मुलगा असेल, तर त्याला शहरात भाड्याने खोली मिळणे दूरच, सार्वजनिक पाणवठ्यावर तहानसुद्धा भागवता येत नसे. शाळेचे दार कायद्याने उघडे होते. पण त्या दारापर्यंत पोहोचण्याची वाट बहुतेकांना बंद होती.

महाराजांनी नेमके हे ओळखले. १८९६ साली त्यांनी राजाराम महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढले. ते सर्व जातींच्या मुलांना खुले होते. नियम चांगला होता, हेतूही चांगला होता. पण थोड्याच काळात आढळून आले, की तेथे राहणारे विद्यार्थी जवळजवळ सर्व ब्राह्मणच आहेत. कोणाला मज्जाव केलेला नव्हता. तरीही ज्यांच्यासाठी मुख्यतः सोय केली, ते आलेच नाहीत. काही जातींत उच्च शिक्षणापर्यंत पोहोचलेला मुलगाच नव्हता. जे थोडे होते, त्यांना त्या परक्या वातावरणात पाऊल टाकण्याचा धीर होत नव्हता. दार उघडले म्हणजे सारे आत येतात, हा समज या अनुभवाने खोटा ठरला. पहिल्याच प्रयत्नातून हा धडा घेणारे राज्यकर्ते थोडेच असतील.

तेव्हा महाराजांनी निराळा मार्ग धरला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. मग एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. लिंगायत, मुसलमान, शिंपी, दैवज्ञ, सारस्वत अशा निरनिराळ्या समाजांतील कर्त्या माणसांना महाराजांनी पुढे घातले; जागा दिल्या, इमारतींना मदत केली, वार्षिक अनुदाने बांधून दिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग स्थापन झाले. मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्येचे नाव त्याला दिले होते. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले ते तेव्हापासून. पुढे रयत शिक्षण संस्था स्थापन करून खेडोपाडी ज्ञानाची गंगा नेणारे कर्मवीर भाऊराव पाटील हेही विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले होते.

जातवार वसतिगृहे काढली म्हणून महाराजांवर टीका झाली. जातिभेद मोडू पाहणाऱ्या राजाने जातीजातींची घरटी का बांधावी, असा प्रश्न लोक विचारीत. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. पण सर्वांसाठी काढलेल्या वसतिगृहाचे काय झाले, हे महाराजांनी पाहिलेले होते. ज्या समाजात एकही शिकलेला मनुष्य नाही, त्या समाजाला हे आपले घर आहे, असे वाटल्यावाचून बाप आपले पोर तेथे धाडणार नाही, हे ते जाणून होते. शिवाय ही दारे अगदीच घट्ट लावलेली नव्हती. मुसलमान विद्यार्थ्यांची स्वतंत्र सोय होण्यापूर्वी त्यांतील काहींना मराठा वसतिगृहातच जागा दिली गेली होती.

मुलगा शिकला, तरी पुढे काय? शिकूनही कचेरीत जागा मिळणार नसेल, तर शेतकरी बाप त्याला नांगर सोडून शाळेत कशाला बसू देईल? या प्रश्नाचे उत्तर महाराजांनी १९०२ साली दिले. बादशहा सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहणाच्या समारंभासाठी ते त्या वेळी विलायतेत होते. तिकडे असतानाच २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर दरबारच्या गॅझेटात त्यांचा एक हुकूम प्रसिद्ध झाला. तेथून पुढे संस्थानच्या नोकरीत ज्या जागा मोकळ्या होतील, त्यांपैकी निम्म्या, म्हणजे शेकडा ५०, मागासलेल्या वर्गांतील लोकांस द्याव्यात, असा तो हुकूम होता. या वर्गांत शिक्षणाचा प्रसार का होत नाही, याचे कारणही त्यात सांगितले होते. उच्च शिक्षणाची फळे फार थोड्या लोकांच्या पदरी पडतात. ती अधिकांच्या पदरी पडू लागली, की शिकण्याची उमेदही वाढेल, असा त्याचा आशय होता. ज्या कचेरीत मागासलेल्या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची होती. खातेप्रमुखांनी नवीन नेमणुकांचे तक्ते दर तीन महिन्यांनी दरबारला सादर करायचे होते. हे तक्ते मागवण्याचे कलम वाचायला रूक्ष वाटते. परंतु हुकूम कागदावरच राहू नये म्हणून घातलेला तो पाचर होता.

या हुकुमावर मोठा गदारोळ उठला. नोकऱ्या लायकी पाहून द्याव्यात, जात पाहून नव्हे, असे अनेक विद्वानांचे म्हणणे पडले. याविषयी कोल्हापूर भागात एक आख्यायिका अजून सांगतात. सांगलीचे एक नामांकित वकील महाराजांच्या भेटीस आले आणि त्यांनी हाच मुद्दा मांडला. महाराज काही न बोलता त्यांना घोड्यांच्या पागेत घेऊन गेले. तेथे प्रत्येक घोड्याच्या तोंडाला चंदीचा तोबरा वेगवेगळा बांधलेला होता. लहान-मोठी सारी जनावरे आपापला दाणा शांतपणे खात होती. महाराजांनी नोकरांना सांगून सर्व तोबरे काढवले, दाणा एका मोठ्या सतरंजीवर ओतवला आणि घोडी मोकळी सोडायला लावली. धट्टीकट्टी जनावरे धावून आली आणि दाण्यावर तुटून पडली. अशक्त घोडी आणि लहान शिंगरे लाथांच्या भीतीने दूर उभी राहिली. त्यांच्या वाट्याला दाणाही आला नाही. आता या दुबळ्यांचे काय करावे, असे महाराजांनी वकीलसाहेबांना विचारले म्हणतात. ते खाली मान घालून उभे राहिले. ही गोष्ट अक्षरशः अशीच घडली की लोकांनी ती पुढे रंगवली, हे कोण सांगणार? परंतु महाराजांचे धोरण अडाण्यालाही उमगावे, अशी ती आहे खरी.

लायक माणसे मिळतील की नाही, ही शंका मात्र अनुभवाने मिटली. भास्करराव जाधवांसारखे एम. ए. झालेले बुद्धिमान गृहस्थ १८९५ सालीच महाराजांनी आपल्या सेवेत घेतले होते, आणि त्यांनी आपल्या कर्तबगारीने नाव मिळवले. १९१२ सालापर्यंत कारभारातील ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे ३५ जागा राहिल्या. कोणाला कामावरून काढून हे घडवलेले नव्हते. जागा जसजशा रिकाम्या झाल्या, तसतसे ते घडत गेले.

याच काळात महाराजांना स्वतःलाही जन्मावरून ठरणाऱ्या कमीपणाची धग लागली होती. १८९९ साली पंचगंगेवर कार्तिकस्नानाला गेले असता आपला पुरोहित वेदमंत्र न म्हणता पुराणोक्त मंत्र म्हणतो, असे त्यांच्या नजरेस आणून देण्यात आले. छत्रपती झाले तरी ते वेदमंत्रांचे अधिकारी नाहीत, असे पुरोहिताचे म्हणणे होते. यातून जो वाद पेटला, तो वेदोक्त प्रकरण म्हणून प्रसिद्ध आहे. तो अनेक वर्षे धुमसत राहिला. लोकमान्य टिळकांसारख्या थोर पुढाऱ्याशीही महाराजांचे यात मतभेद झाले. सिंहासनावर बसलेल्या माणसाची जर ही कथा, तर गावकुसाबाहेरच्या माणसाची काय, हा विचार त्यांच्या मनात अधिक खोल रुजला.

वसतिगृहांनी होतकरू मुलांची सोय झाली. पण ज्यांनी शाळेचे तोंडच पाहिले नाही, अशी हजारो मुले खेड्यांतून होतीच. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी महात्मा फुले यांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे केली होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी ती आपल्या राज्यात अमलात आणली. नामदार गोखले यांनी १९११ साली वरिष्ठ कायदे कौन्सिलात तसे विधेयक मांडले, पण सरकारने ते संमत होऊ दिले नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया ही गरिबाला जड जाणारी रक्कम होती. गुरे राखायला पोर हवे, धाकटे भावंड सांभाळायला पोर हवे, अशी आईबापांची अडचण असे. ती खोटी नव्हती. तथापि आज गुराखी म्हणून उपयोगी पडणारा मुलगा जन्मभर गुराखीच राहावा, हे महाराजांना मान्य नव्हते. पुढच्या काही वर्षांत शेकडो गावांतून या शाळा चालू झाल्या. १९१९ साली तर त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद केल्या आणि सर्व मुलांना एकाच शाळेत, कोणताही भेद न करता बसवावे, असा हुकूम काढला.

हुकूम काढणे आणि माणसांची मने पालटणे यांत अंतर असते. ते महाराजांनी स्वतःच्या वागण्याने कमी केले. त्यांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचा एक अस्पृश्य नोकर होता. स्पृश्यांच्या पाण्याच्या हौदाला शिवला, म्हणून त्याला इतर नोकरांनी बेदम मारले. ही हकिकत कानी येताच महाराज संतापले. अपराध्यांना त्यांनी शिक्षा केली. आणि गंगारामला नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा करण्यास भांडवल दिले. गंगारामने कोल्हापूर शहरात चहाचे दुकान थाटले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? दुकान सुने पडले. तेव्हा स्वतः महाराजांची गाडी त्या दुकानासमोर येऊन थांबू लागली. महाराज मोठ्याने चहा मागवीत, आपण पीत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजीत. छत्रपतींच्या देखत पेला नाकारण्याची कोणाची छाती होती? दुकान हळूहळू चालू लागले. ज्या हौदाला हात लावला म्हणून मार बसला, त्याच हातचा चहा आता राजा पीत होता.

गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना रोज पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे; ती पद्धत महाराजांनी बंद केली. ज्या फासेपारध्यांना लोक चोर समजत, त्यांना त्यांनी आपल्या पहाऱ्यावर नेमले. महारांच्या गुलामगिरीस कारण झालेली वतने त्यांनी १९१८ साली खालसा करून त्या जमिनी त्यांच्या नावे रयताव्याने करून दिल्या. वेठबिगार बंद केली. अस्पृश्य वर्गातील काही जणांना वकिलीच्या सनदा दिल्या. विधवांच्या पुनर्विवाहास आणि आंतरजातीय विवाहास कायद्याने मान्यता दिली.

१९१८ साली महाराजांवर घोर आपत्ती कोसळली. त्यांचे धाकटे पुत्र शिवाजी हे शिकारीत अपघाताने मृत्यू पावले. त्यांची पत्नी इंदुमती अवघी अकरा-बारा वर्षांची होती. राजघराण्यातल्या विधवा सुनेने पडद्यामागे आयुष्य कंठावे, ही तेव्हाची रीत. महाराजांनी ती मोडली. शोक आवरून त्यांनी सोनतळी येथे सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था केली. तिला एकटे वाटू नये, म्हणून निरनिराळ्या जातींतील मुली तिच्याबरोबर शिकायला ठेवल्या. वाड्यातल्या जुन्या माणसांना हे रुचले नाही. पण महाराज ढळले नाहीत. दुसऱ्यांच्या मुलींनी शिकावे, असे सांगणारे सुधारक त्या काळी पुष्कळ होते. आपल्या घरातील विधवा सुनेला शिकवणारे थोडे. इंदुमती राणीसाहेब पुढे मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. तो दिवस पाहायला मात्र महाराज उरले नव्हते.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांची एका तरुण विद्वानाशी गाठ पडली. परदेशी विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. भीमराव आंबेडकरांचे नाव ऐकून महाराज स्वतः परळच्या चाळीत त्यांच्या भेटीस गेले. आंबेडकरांनी १९२० साली मूकनायक हे पत्र काढले, तेव्हा महाराजांनी त्यास अडीच हजार रुपयांचे साह्य केले. त्याच वर्षी मार्च महिन्यात कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. आंबेडकर अध्यक्ष होते. महाराज शिकारीच्या निमित्ताने तिकडे आले, आणि तुम्हांला तुमच्यातलाच पुढारी लाभला आहे, असे त्यांनी जमलेल्या लोकांना आनंदाने सांगितले. आजवर या लोकांची गाऱ्हाणी दुसरे मांडीत. यापुढे त्यांच्यातलाच सुशिक्षित मनुष्य ती मांडणार होता. पंचवीस वर्षे वसतिगृहे आणि शाळा काढण्यात झिजलेल्या राजाला याहून मोठे समाधान कोणते असणार?

महाराजांचे शरीर मात्र आता थकले होते. भारी देह, मधुमेहाचा विकार आणि पुत्रशोक यांनी त्यांना पोखरले होते. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांच्या वयाला ४८ वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांनी भोगावतीवर बांधायला घेतलेले राधानगरीचे धरण अर्धेच राहिले होते. ते पुढे स्वातंत्र्यानंतर पुरे झाले.

राजाचे स्मारक सरदार-दरकदारांनी उभारावे, ही जगाची रीत. शाहू महाराजांचे पहिले स्मारक उभे राहिले ते कोल्हापूरच्या नर्सरी बागेत, त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत. त्यासाठी पैसा गोळा केला होता अस्पृश्य समाजाने, आणि त्या कामात पुढे होते चहाचे दुकान चालवणारे गंगाराम कांबळे.